पाळीचं दुखणं: चि. मुक्तास पत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पाळीचे पहिले दोन दिवस तू हॉस्टेलच्या खोलीत पडून काढतेस, लेक्चरं बुडतात आणि गोळी घेतेस ती अगदी असह्य झाल्यावरच, असं आईकडून कळलं. औषधं देणं हे माझं रोजचं काम, म्हणून यावेळी पत्र मी लिहितोय. वडिलांशी हे कसं बोलायचं, असा विचार मनात आणू नकोस.

आधी दुखतं का ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. पाळी जवळ आली की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ लागतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरानं आवळतो, रक्तवाहिन्या दबतात, स्नायूला प्राणवायू अपुरा पडतो आणि कळ येते. हीच द्रव्यं रक्तात उतरली की मळमळतं, पातळ शौचाला होतं, डोकं दुखतं. पहिल्या दिवशी पोट बिघडतं त्याचा दोष दर वेळी मेसच्या जेवणाला देऊ नकोस. आणि ‘तुला सोसवत नाही’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. ज्यांना कळा तीव्र येतात त्यांच्या पाळीच्या रक्तात ही द्रव्यं जास्त असतात, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे.

आता गोळी. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड आणि नॅप्रोक्सेन ही एकाच कुळातली औषधं. ती प्रोस्टाग्लँडिन नव्यानं तयार होऊ देत नाहीत, पण जे आधीच तयार झालंय त्याला हात लावत नाहीत. नळ बंद केला तरी बादलीत साठलेलं पाणी तसंच राहतं, तसं हे आहे. त्यात मेफेनॅमिक ॲसिड रक्तात पुरतं चढायला दोन ते चार तास लागतात. म्हणून दुपारी कळा शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी ‘लागू पडली नाही’ असं वाटतं. सकाळी पहिला डाग दिसताच किंवा कंबर भरून येऊ लागताच तीच गोळी घेतली असतीस तर चित्र वेगळं दिसलं असतं. पाळी तारखेला नेमकी येत असेल तर आदल्या संध्याकाळीच सुरू केलेलं उत्तम.

दुसरी चूक फार जणी करतात. एक गोळी घेतात, बरं वाटलं की थांबतात आणि रात्री पुन्हा तळमळतात. पहिले दोन दिवस, फार तर तीन, घड्याळ बघून घ्यायचं. दुखण्याची वाट बघायची नाही. आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम दर आठ तासांनी, म्हणजे दिवसाला 1200 मिलिग्रॅमपर्यंत. मेफेनॅमिक ॲसिड मोठ्या माणसाला बहुधा 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. मुली एकमेकींना देतात त्या मेफ्टाल-स्पासच्या एका गोळीत मेफेनॅमिक ॲसिड 250 मिलिग्रॅमच असतं, सोबत पेटके सैल करणारं डायसायक्लोमिन 10 मिलिग्रॅम. त्यामुळे एका गोळीनं भागलं नाही की औषधच कुचकामी असं त्या ठरवतात, आणि खरं तर मात्रा अपुरी पडलेली असते. मनानं दोन-दोन घेऊ नकोस मात्र. डायसायक्लोमिननं तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, डोळ्यांपुढे धूसर होतं. तुझ्यासाठी कुठलं औषध आणि किती, हे डॉक्टरांकडून एकदा चिठ्ठीवर लिहून घे आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेव.

या कुळातली दोन औषधं एका वेळी कधीच नकोत. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतंच, त्यामुळे ती मेफ्टालवर घ्यायची नाही. नाव वेगळं दिसलं तरी पट्टीच्या मागचा मजकूर वाचायची सवय लाव. पॅरासिटामॉल या कुळातलं नाही, ते चालतं, पण पाळीच्या कळांवर जरा दुबळं पडतं. त्याच्या दोन मात्रांमध्ये निदान चार तास आणि एका वेळी फार तर 1000 मिलिग्रॅम, दिवसभरात फार तर 4000, एवढं पाळ. कॉम्बिफ्लाम आणि सायक्लोपाम या दोन्हींत ते आधीपासून असतं, तेही मोजणीत धर.

रिकाम्या पोटी गोळी नको. चतुर्थी असो की नवरात्र, राजगिऱ्याचा लाडू, केळं, कपभर दूध, काहीतरी आधी पोटात जाऊ दे आणि वर भरपूर पाणी. जठराचा अल्सर, मूत्रपिंडाचं दुखणं किंवा ॲस्पिरिननं दमा उसळण्याची तक्रार असणाऱ्यांनी ही औषधं टाळायची, तेव्हा मैत्रिणीला आपली पट्टी उघडून देण्याआधी एवढं विचारत जा. पावसाळ्यात ताप असताना पाळी आली तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, कारण बाकीच्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणखी एक. 2023 च्या नोव्हेंबरअखेर इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला होता. क्वचित कुणाला औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर ॲलर्जी येते. घाबरून औषध सोडायचं कारण नाही, पण अशी लक्षणं दिसली तर ते पुन्हा घ्यायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

उलट्या सुरू झाल्यावर पोटात काही टिकत नाही, हा तुझा खरा अडथळा आहे. म्हणूनही गोळी लवकर हवी. तरी दर महिन्याला उलटून पडत असेल तर गुदद्वारात ठेवायच्या डायक्लोफिनॅक सपोझिटरीबद्दल डॉक्टरांना विचार. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

शेकाला कमी लेखू नकोस. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटावर सुमारे 39 अंशांची सौम्य ऊब बारा तास सलग ठेवणं हे दिवसातून तीनदा घेतलेल्या आयब्युप्रोफेनच्या तोडीचं ठरलं होतं. मुद्दा सौम्य आणि सलग ऊब हा आहे, चटका नव्हे. पिशवीत उकळतं पाणी ओतू नकोस. दोन तृतीयांश भर, आडवी धरून हवा काढ, बूच घट्ट लावून उलटी करून बघ, टॉवेलात गुंडाळ. रबराला चिरा दिसल्या की पिशवी फेकून दे. इलेक्ट्रिक जेलची असेल तर प्लग काढल्यावरच पोटावर घ्यायची. पिशवी पोटावर ठेवून झोपी जाऊ नकोस. महिनोन् महिने फार गरम शेक घेतला की कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात.

आजीचा ओव्याचा काढा जरूर घे, पोटातला वायू सरतो आणि बरं वाटतं. सुंठेचा गुण थोडाफार तपासलेला आहे: पहिले तीन-चार दिवस दिवसाला एक-दोन ग्रॅम पूड, भागून. मात्र हे सगळं गोळीच्या जोडीला. व्यायामाचा फायदा एरवीच्या दिवसांतल्या नियमावर अवलंबून असतो, आठवड्यात तीनदा पाऊण ते एक तास; पाळीच्या दिवशी उठून धावायला कुणी सांगत नाही.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. वेळेवर, पूर्ण मात्रेत, सलग तीन पाळ्या औषध घेऊनही कॉलेज बुडत असेल तर ‘असंच असतं’ म्हणून बसायचं नाही. ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल झालं की थांबेल’ हे तू ऐकशील, आपल्याच घरातल्या बायकांकडून, मायेनं. तो इलाज नव्हे. अशा वेळी एंडोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह बाहेर, अंडाशयावर, आतड्यालगत रुजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं प्रजननवयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात ती बहुतेक या ‘असंच असतं’पायी. खुणा अशा: दुखणं वर्षागणिक वाढणं, पाळीच्या दोन-चार दिवस आधीच सुरू होणं, पाळी नसतानाही ओटीपोट दुखणं, पाळीत शौचाला किंवा लघवीला बसताना कळ जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं.

डॉक्टरांकडे ‘खूप दुखतं’ एवढंच सांगितलंस तर तेही एवढंच लिहून घेतील. दोन-तीन पाळ्यांची नोंद ने: तारीख, दुखणं 0 ते 10 मध्ये किती, गोळी किती वाजता, किती तासांनी उतार, पॅड किती, रक्ताच्या गाठी केवढ्या, किती दिवस बुडाले. रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तपासून घे. सोनोग्राफी पोटावरून करायची असेल तर लघवी भरलेली लागते. योनिमार्गातून केलेली जास्त स्पष्ट दिसते. अविवाहित मुलींना बहुधा ती सुचवत नाहीत, सुचवली तर हो-नाही तुझं. एक मात्र पक्कं ध्यानात ठेव: सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असं सिद्ध होत नाही. सीए-125 ही रक्तचाचणीही निदानाला कामाची नाही. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शिकेप्रमाणे दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून खात्री होईपर्यंत थांबायची गरज नाही, लक्षणांवरून हार्मोनचं औषध सुरू करता येतं.

ते औषध बहुधा गर्भनिरोधक गोळी किंवा डायनोजेस्ट ही हार्मोनचीच गोळी असेल. ‘लग्नाआधी असल्या गोळ्या?’ असं कुणी म्हणालं तर उत्तर सरळ आहे. अस्तर पातळ राहिलं की प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतं. पुढे मूल होण्याला यानं बाधा येत नाही. गुण कळायला दोन-तीन महिने दे. डोळ्यांपुढे झगमगत्या रेषा येऊन मायग्रेन होत असेल, रक्तदाब जास्त असेल किंवा घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली असेल तर ते आधी सांग.

‘गर्भाची पिशवीच काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे फार स्वस्त झालाय. बीडच्या ऊसतोड बायकांनी खाडा पडू नये म्हणून ही पिशवी काढून घेऊन काय सोसलं ते 2019 मध्ये सगळ्यांसमोर आलं. सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तरुण वयातल्या दुखण्यावर तो पहिला उपाय कधीच नसतो, आणि एंडोमेट्रिओसिस त्यानं हमखास जातोच असंही नाही.

वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं ते केव्हा? एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या; तासाला एक पॅड भिजणं; तापासोबत घाण वासाचा स्राव; पाळी चुकून नंतर दुखणं, रक्त जाणं आणि चक्कर. यातलं काहीही झालं तर आधी रिक्षा, मग आम्हाला फोन. कुणीही तुला प्रश्न विचारणार नाही.

तपासणीला मी यावं असं वाटलं तर मी येईन, आई हवी असेल तर ती येईल. एकटीनं जायचं असेल तरी हरकत नाही. तुला अठरा पूर्ण झाली आहेत, तुझी एकटीची सही पुरते.

तुझा,
बाबा