बाकावरच्या मुलांची मिनिटं कोण मोजणार?

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर बारा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याचं वृत्त वाचलं. विजेत्या संघाचं कौतुक करताना वार्ताहरानं लिहिलं आहे की या संघाला राखीव खेळाडू उतरवण्याची फारशी गरजच भासली नाही. मी मुलांच्या सामन्यांत पंचाचं काम करते. त्यामुळे त्या वाक्यातून मला दिसलं ते एवढंच, की काही मुलं रोज गणवेश घालून आली, बाकावर बसली आणि घरी गेली. वृत्तात गोल करणाऱ्यांची नावं आहेत, प्रशिक्षकांचं मनोगत आहे. या मुलांचा उल्लेख फक्त 'गरज भासली नाही' एवढाच.

सामन्याआधी माझं पहिलं काम साहित्य तपासायचं. सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं, बुटांचे तळवे बघायचे, मोजे खाली ओढून शिनगार्ड (नडगीला मार लागू नये म्हणून घालायची पट्टी) दाखवायला सांगायचं, कानातलं-हातातलं काढून ठेवायला लावायचं. या रांगेत कोण खेळणार आणि कोण बसणार हे ओळखू येत नाही. चुळबुळ सगळ्यांची सारखीच. सामना सुरू झाला की बाकाजवळून पळताना हमखास आवाज येतो, "मॅडम, किती राहिलं?" मैदानातला मुलगा हे विचारतो तेव्हा त्याला आघाडी टिकवायची असते किंवा बरोबरी साधायची असते. बाकावरचा विचारतो तेव्हा तो स्वतःच्या वाट्याचा हिशेब करत असतो. मी मिनिटं सांगते आणि पुढं पळते. बदली खेळाडू उतरवा असं प्रशिक्षकाला सांगणं पंचाच्या अखत्यारीत येत नाही. विनंती आली की खेळ थांबल्यावर परवानगी द्यायची, एवढंच.

ती विनंती पुष्कळदा शेवटच्या दोन मिनिटांत येते. अशाच एका मुलाचं सांगते, कारण मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. चेंडू घरंगळत त्याच्याकडे आला. प्रतिस्पर्धी लांब होता. चेंडू थांबवायला, मान वर करून बघायला, जवळच्या मित्राला पास द्यायला वेळ होता, आणि त्यानं खरोखर पाय पुढं केला होता चेंडू अडवायला. तेवढ्यात टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवरून, ओरडा आला : "मार! बाहेर मार!" त्यानं मारला. चेंडू रेषेबाहेर गेला, समोरच्या संघाला थ्रो-इन मिळाला, प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि थोड्या वेळानं मी शेवटची शिट्टी दिली. त्या मुलाचा त्या दिवशीचा चेंडूशी संबंध एवढाच. चेंडू पायाशी आला की तो लांब घालवायचा, हे तो शिकला, आणि तेही टाळ्यांसकट.

सरावात चेंडू अडवायला शिकवता येतं, पास शिकवता येतो, शंकूंमधून ड्रिबल करायला, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पळायला लावता येतं. पण समोरून कुणीतरी अंगावर धावून येतंय, आपल्या संघानं आत्ताच गोल खाल्लाय, पाय जड झालेत, अशा वेळी चेंडूचं काय करायचं हे सामन्यातच कळतं. आणि ते कळायला आधी चुकायला मिळावं लागतं. ज्याला दोनच मिनिटं मिळतात, त्याला चुकणं परवडत नाही. तो सुरक्षित तेच करतो, मग 'याच्यात काही विशेष नाही' असा शेरा मिळतो, आणि पुढच्या सामन्यात पुन्हा दोन मिनिटं. जो पूर्ण वेळ खेळतो तो चुकत-चुकत सुधारतो. हंगाम संपेपर्यंत दोघांमधलं अंतर इतकं वाढतं की सुरुवातीची निवड अचूकच होती असं सगळ्यांना वाटू लागतं.

माझ्याकडच्या सामनापत्रकात गोल कितव्या मिनिटाला झाला हे लिहायला जागा आहे, कार्डं लिहायला आहे, कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं तेही लिहायचं असतं. कोण किती मिनिटं खेळलं, हा रकाना मात्र नाही. वास्तविक सगळा कच्चा माल त्याच कागदावर असतो. नुसती वजाबाकी करायची.

आता जरा भागाकारही करू. सात-सात खेळाडूंचा सामना, दोन अर्ध मिळून ४० मिनिटं. म्हणजे एका संघाकडे वाटायला २८० मिनिटं. संघात दहा मुलं असतील तर प्रत्येकाला २८ मिनिटं येतात. चौदा असतील तर २०. अठरा मुलांची नावं घेतली असतील, तर अगदी तराजूनं तोलून दिलं तरी प्रत्येकी साडेपंधरा. म्हणजे अन्याय मैदानावर सुरू होतच नाही, तो नावं नोंदवतानाच झालेला असतो. अठरा मुलांची फी घेणाऱ्या अकादमीनं दोन संघ उतरवावेत. ते जमत नसेल तर तेवढी मुलं घेऊ नयेत. एवढं साधं गणित पालकांनीही प्रवेशाच्या वेळी विचारायला हरकत नाही. (पालक विचारतात, पण सामना सुरू असताना, आणि मला!)

सगळ्यांना का खेळवत नाही, यावर प्रशिक्षकांची उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं : बदली खेळाडू उतरवायची मुभा संपली. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही, बदलांची संख्याही ठरलेली असते, आणि टीव्हीवर सामने बघून तोच नियम सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे. पण खेळाच्या नियमावलीतला तिसरा नियम युवा आणि तळागाळातल्या फुटबॉलला वेगळी वाट मोकळी ठेवतो. राष्ट्रीय संघटनेची मान्यता असेल तर बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. युवा फुटबॉलमध्ये किती बदल करू द्यायचे हेही राष्ट्रीय संघटनेच्याच हातात असतं. लहानांच्या स्पर्धेत ही मुभा न वापरणं ही आयोजकांची निवड असते, त्यात फुटबॉलचा नाइलाज कुठं येत नाही.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक असतं : गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून उरतो तो आकडा. या एका गोष्टीवर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण बाहेरच्या माणसाच्या ती लक्षात येत नाही. संघ ५-० ने पुढं आहे, दहा मिनिटं उरली आहेत. कुणालाही वाटेल, आता तरी बाकावरची पोरं उतरतील. उतरत नाहीत. साखळीत दोन संघांचे गुण सारखे झाले तर गोलफरकावर पुढचा संघ ठरणार असतो, म्हणून प्रशिक्षकाला सहावा आणि सातवाही गोल हवा असतो. त्यामुळे ज्या सामन्यात सगळ्यांना खेळवणं सर्वांत सोपं, त्यातच ते होत नाही. समोरच्या संघातली मुलं रडकुंडीला येतात ती वेगळीच. यात प्रशिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. नियमच त्याला तसं वागायला लावतो. मुलांच्या स्पर्धेत गोलफरक मोजूच नये, किंवा एका सामन्यातला तीनपेक्षा जास्त गोलांचा फरक धरू नये. कागदावर एक ओळ बदलावी लागेल, खर्च शून्य.

तिसरं उत्तर : चांगली मुलं खेळवायची नाहीत का? खेळवायचीच. पण दहा-अकरा वर्षांच्या वयात 'चांगला' कोण, हे आपण ज्याच्यावरून ठरवतो ते बहुतेक वेळा शरीर असतं. वयोगटाची तारीख १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात येतं. दहा वर्षांच्या मुलासाठी जवळजवळ एक वर्षाचा फरक म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. १९८५ साली संशोधक रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून दाखवलं की वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी असते. पुढं फुटबॉलमध्येही हेच चित्र अनेक देशांत दिसलं. हे राशिभविष्य नव्हे : इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात, तर तिथं झुकतं माप सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मुलांना मिळतं. तारीख बदलली की 'गुणवान' मुलांचा जन्ममहिना बदलतो.

त्यात बारा-तेराव्या वर्षी वयात येण्याचा फरक मिसळतो. एकाच जन्मवर्षातली दोन मुलं शरीरानं तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. नाणेफेकीला एका कप्तानाच्या ओठांवर मिसरूड आणि दुसरा त्याच्या छातीइतका, असं मी नेहमीच बघते. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेनं उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय युवा संघ चालवले. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीग या सर्वोच्च साखळीतल्या क्लबांच्या अकादम्यांनी वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने घेऊन पाहिले. त्यांना मुलांचा कळवळा आला होता असं समजायचं कारण नाही. चांगले खेळाडू हातातून निसटतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

इथं कुणीतरी हमखास फ्रान्सचा फुटबॉलपटू आंत्वान ग्रीझमनचं नाव काढतं. लहान चणीचा म्हणून फ्रान्समधल्या क्लबांनी त्याला नाकारलं, तो स्पेनमध्ये शिकला आणि २०१८ चा विश्वचषक जिंकला. जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी क्लबनं सोडून दिलं होतं, त्यानं २०१६ मध्ये लेस्टर क्लबबरोबर प्रीमियर लीग जिंकली. हॅरी केनला आर्सेनल क्लबनं आठ-नऊ वर्षांचा असताना सोडलं, आज तो इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे. गोष्टी खऱ्या आहेत, पण बाकावर बसलेल्या मुलाला त्या ऐकवण्याची पद्धत मला पटत नाही. नाकारलेल्यांपैकी जे तगले त्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात. बाकीच्यांनी बूट कुठं टांगले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. 'बघ, ग्रीझमनलाही थांबावं लागलं' असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसानं त्या मुलाला आज दहा मिनिटं दिलेली नसतात.

अमेरिकेत १९६४ साली सुरू झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनचं तत्त्वच मुळी 'सगळे खेळणार' हे आहे, आणि प्रत्येक मुलानं किमान अर्धा सामना खेळायचा असा त्यांचा दंडक आहे. नॉर्वेत मूल ज्या वर्षी अकरा वर्षांचं होतं त्या वर्षाच्या आधी गुणतक्ते प्रसिद्धच करत नाहीत. जर्मनीनं २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांसाठी छोट्या गोलांवरचे तीन-तीन मुलांचे सामने सगळीकडे लागू केले. त्यात गोल झाला की दोन्ही संघांनी ठरलेल्या क्रमानं खेळाडू बदलायचा. कुणाला बसवायचं हा निर्णय मोठ्यांच्या हातून काढूनच घेतला. पंच म्हणून मला ही युक्ती सर्वांत आवडते, कारण तिच्यात वाद घालायला जागाच नाही.

अर्थात, नुसत्या मिनिटांनी काम भागत नाही. पूर्ण सामना मैदानावर असूनही एका कोपऱ्यात 'तू इथंच उभा राहा' म्हणून ठेवलेली मुलं मी बघते. त्यांच्या नावावर ४० मिनिटं लागतात आणि पायाला चेंडू चार वेळा. आणि राखीव गोलकीपर! त्याच्याइतकं दुर्लक्षित मूल दुसरं नाही. बाकीच्यांना निदान दोन मिनिटांची आशा असते. याला पहिला कीपर जखमी व्हावा असं मनात आणण्यावाचून गत्यंतर नसतं. पहिल्या अर्धात एक, दुसऱ्यात दुसरा, आणि जो गोलमध्ये नाही त्यानं मैदानात खेळायचं, असं सहज करता येतं. दहा वर्षांखाली तर सगळ्यांनीच आलटून-पालटून हातमोजे घालावेत. उंच मुलाला आठव्या वर्षी कीपर करून टाकायचं आणि तेराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला पोहोचले की त्याला पायांनी काहीच येत नाही म्हणून हळहळायचं, हे मी पुष्कळ पाहिलं.

सरसकट समान वाटणी सगळ्या वयांना लावावी असं माझं म्हणणं नाही. पंधरा-सोळाच्या पुढं स्पर्धा खरीच असते, तिथं जागा कमवावी लागते, आणि मुलांनाही ते कळतं. सरावाला न येणाऱ्याला कमी वेळ मिळणं मला मान्य आहे. पण तो नियम हंगामाच्या सुरुवातीला सांगितलेला असावा. एक पास चुकला म्हणून त्याच क्षणी पोराला बाहेर बोलावण्याची शिक्षा मला अजिबात मान्य नाही. बाहेर येणाऱ्या मुलाची नजर तेव्हा प्रशिक्षकावर असते, आणि आत राहिलेल्या बाकीच्यांचीही. पुढची पाच मिनिटं कुणी अवघड पास करत नाही.

आयोजकांनी आपल्या नियमपत्रकात एवढंच घालावं : 'बारा वर्षांखालील गटात नोंदवलेला प्रत्येक तंदुरुस्त खेळाडू प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ खेळेल, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकेल, खेळलेली मिनिटं सामनापत्रकात लिहिली जातील.' अर्धा वेळ देता येईल इतकीच नावं मग आपोआप नोंदवली जातील. पत्रक भरायचं काम आम्हा पंचांवर येणार, याची कल्पना आहे. चौथा पंच (मैदानाबाहेर थांबून नोंदी ठेवणारा) किंवा टेबलावरचा स्वयंसेवक ते सहज करू शकतो.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. मुलांच्या सामन्याचं वृत्त देताना गोल कुणी केले याच्या जोडीला किती मुलं खेळली तेही विचारावं. प्रशिक्षकाला छापून येणारा प्रश्न आधी माहीत असला, तर उत्तराची तयारी तो मैदानावरच करेल.

माझं नाव कृपया छापू नये. याच प्रशिक्षकांच्या सामन्यांत मला पुढच्या आठवड्यात शिट्टी वाजवायची आहे.

— एक फुटबॉल पंच