ट्रेलरचा टायर नक्षी बघून घेऊ नका

मा. संपादक,
स. न.

आपल्या पेपरात कॅराव्हॅन पर्यटनावर काही आलं की मी इकडे अ‍ॅरिझोनात बसून आवडीने वाचतो. फोटोत पडदे, शेगडी, पलंग सगळं असतं, चाकं मात्र कुणी दाखवत नाही. २०२१ ला राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं, आता कारमागे ओढायचा छोटा ट्रेलर बनवून घेणारे हौशीही आहेत, म्हणून जरा टायरबद्दल.

आमचा छोटा कॅम्पर आहे, एक एक्सल, दोन चाकं. टायर बदलायला काढले तर इथला एक मराठी मित्र म्हणतो, अरे टायरवरच्या खाचांची नक्षी नवी कोरी आहे, कशाला पैसे घालवतोस? पण हा ट्रेलर वर्षातला बराच काळ उन्हात एका जागी उभा, तो झिजणार कसा? रबर आतून कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात आणि मग भर उन्हात हायवेवर फाटतो. म्हणून टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, तिकडच्या टायरवरही असतात. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढा. आपल्याकडे नियमात नक्षीची खोली आहे, कारला १.६ मिमी, ट्रेलरला तेवढ्याने काय होतंय.

दुसरं वजन. इथे ट्रेलरला एसटी टायर लावतात (लालपरीचे नव्हेत, स्पेशल ट्रेलर). १३ इंची १७५/८० मापाचा, लोड रेंज सी (वजन पेलण्याची श्रेणी) चा टायर ५० पीएसआय हवेला साधारण ६१७ किलो पेलतो, दोन मिळून १२३४, आणि पाणी, गॅस, भांडी, पोरांच्या सायकली धरून ट्रेलर १२०० ला गेला तर हाताशी काय उरलं? १४ इंची २०५/७५ घेतला तर एकेक ७९८ पेलतो, फक्त मडगार्डखाली जागा आहे का ते मोजा. कारचा टायर लावायचाच तर त्यावर लिहिलेल्या कमाल वजनाला १.१ ने भागायचं. तिकडे एसटी मिळाला नाही तर छोट्या हत्तीला असतात तसले एलटी (लाइट ट्रक) टायर बरे, पण लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, बघूनच. हवा थंड टायरमध्ये, बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याएवढी, कारसारखी ३२ नाही, कमी हवेने टायर तापतो. आणि समृद्धीवर कारला १२० चालतं म्हणून मागे ट्रेलर घेऊन १२० नको, बाजूवर कमाल वेगाचं अक्षर छापलेलं नसलेल्या एसटी टायरची हद्द ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किमी.

रिमवर सगळ्यात जास्त जुगाड होतो. इथल्या छोट्या ट्रेलरला बहुतेक पाच बोल्ट, ११४.३ मिमीच्या वर्तुळावर, आणि इनोव्हालाही तेच माप, त्यामुळे कुणीतरी भंगारातून इनोव्हाच्या रिम आणून बसवणारच. बसतील, पण कारच्या रिमला ३५-४५ मिमी ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्टच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) असतो, ट्रेलरच्या रिमला बहुधा शून्य, म्हणजे चाक तेवढं आत सरकतं आणि टायर चेसिसला घासू शकतो. शिवाय रिमचीही वजनाची आणि हवेची मर्यादा असते, ती टायरएवढी तरी हवी. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंत ठीक, ८० भरायची असेल तर धातूचा घ्या. नवी रिम बसवल्यावर १६, ४० आणि ८० किमीला थांबून नट परत टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळायचे, पायाने पान्यावर उभं राहून नाही.

तुमच्या वार्ताहरांना विनंती, भाड्याच्या कॅराव्हॅनवर पुढे लिहाल तेव्हा मालकाला टायरची तारीख विचारा आणि ती छापा. स्टेपनीचीसुद्धा, ती तर कुणी बघतच नाही.

आपला एक वाचक,
फिनिक्स, अ‍ॅरिझोना