त्या बातमीतला 'एकट्याने' हा शब्द

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आपल्या पुरवणीत माझ्यावर बातमी आली. 'वाळवंट तुडवले, हिमालय नमवला! कराडच्या आजोबांचे बुलेटवरून एकट्याने सीमोल्लंघन' असा मथळा आणि खाली गळ्यात हार घातलेला माझा फोटो. कौतुकाबद्दल मनापासून आभार. ज्यांना मी वारलो असं वाटत होतं, अशा दोघांचेही फोन येऊन गेले. पण एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षं काढली. न केलेलं काम जॉबकार्डवर चढवायचं नाही, ही तिथली सवय अजून सुटलेली नाही. म्हणून हा खुलासा.

आधी किरकोळ बाबी. मीटरवर अंतर ५,९४० किलोमीटर पडलं, 'दहा हजार' नाही. लडाखमधला खारदुंग ला ('ला' म्हणजे खिंड) हा जगातला सर्वांत उंच रस्ता नाही. तिथल्या फलकावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, पण खरी उंची साडेसतरा हजारांच्या आसपास भरते. लडाखमध्येच उमलिंग लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर आहे. मी तिकडे गेलेलो नाही, तेव्हा ते माझ्या नावावर नको. (खारदुंग लाच्या फलकावर रायडिंग ग्रुपांचे स्टिकर इतके की अक्षरं शोधावी लागतात. त्यात दोन आपल्या जिल्ह्यातले होते. नावं लिहीत नाही, त्यांनी वाचलं तरी पुरे.) आणि सीमोल्लंघन म्हणाल तर मी कुठलीही सीमा ओलांडलेली नाही. दसऱ्याला घरी पोचलो, एवढाच काय तो योग.

गणपती पोचवून दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो होतो. पितृपक्ष तोंडावर, त्यामुळे वहिनींनी निरोपाचं दहीसुद्धा हातावर घातलं नाही. अहमदाबाद, बाडमेर, जैसलमेर असा गेलो. रामगढच्या पुढे तनोट मातेचं देऊळ लागतं. तिथली पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवान करतात आणि १९६५ च्या युद्धातले न फुटलेले गोळे तिथे मांडून ठेवलेत. तिथून लोंगेवाल्याकडे वळलो, जिथे डिसेंबर १९७१ मध्ये रणगाड्यांची लढाई झाली.

त्याच रस्त्यावर पडलो. वाऱ्याने डांबरावर वाळूची जीभ आणून ठेवली होती. जेमतेम वीसच्या स्पीडने जात होतो, पण पुढचं चाक रुतलं, हँडल फिरलं आणि गाडी आडवी. उजवा पाय क्रॅशगार्डखाली अडकला. इंजिन बंद, पेट्रोल ठिबकतंय, वर ऊन. कसाबसा पाय काढला. पण सामानासकट दोनशेच्या वर किलो, भुसभुशीत वाळूत पाय रोवता येईना, गाडी काही उठेना. पाऊण तासाने शेळ्या घेऊन दोन गडी आले. दोघांनी मिळून ती उभी केली आणि त्यांच्याजवळच्या बाटलीतलं ताक मला पाजलं. पैसे देऊ केले तर एकाने हात असा झटकला की मला लाज वाटली. तुमच्या बातमीत याचं 'वाळवंटाशी झुंज' झालं आहे. झुंज वगैरे काही नव्हती हो, मी वाट बघत बसलो होतो.

पंजाब, जम्मू, श्रीनगर, झोजी ला, कारगिल हे सगळं ठीक पार पडलं. लेहला दोन दिवस डोकं जड होतं म्हणून पडून राहिलो. घोळ झाला तो परतीला मनालीकडे येताना, टांगलांग लाच्या चढावर.

माझी गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. सतरा हजारांच्या वर हवा आपल्याकडच्या जेमतेम निम्मी. जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल मात्र जवळजवळ नेहमीइतकंच येतं. जळायला हवा नाही, म्हणून काजळी धरते आणि प्लग काळा पडतो. लेहमध्येच बारीक नंबरचा जेट टाकून घ्यायला हवा होता. जेट सॅडलबॅगेत होता. मी आळस केला. वर्कशॉपमध्ये जन्मभर दुसऱ्यांच्या आळसावर ओरडलो, त्याची फेड म्हणायची. गाडी फटफट करून बंद पडली. प्लग काढला तर कोळसा. नवा प्लग खोक्यातून काढला, पण बोटं इतकी बधिर की तो निसटला, दगडावर आपटला आणि पांढरी चिनीमाती तडकली. एकच जादा होता.

शंभरेक पावलांवर रस्त्याचं काम चालू होतं. डांबराच्या पिंपाखाली जाळ, तोंडाला फडकी गुंडाळलेली पंधरा-वीस माणसं. मी हात शेकायला गेलो. एका पोराने, असेल विसेक वर्षांचा, माझ्या हातातला काळा प्लग बघितला आणि काही न विचारता जाळाकडे बोट केलं. उपाय मलाही ठाऊक होता, आमच्या वेळी सर्रास करायचो, पण तिथे सुचला नव्हता. मी पक्कड दिली. त्याने प्लग जाळात धरला, टोक लाल होईस्तोवर. काजळी जळून गेली. मग मी पॉलिशपेपर मारला, ब्लेडने फट बघितली, बसवला. हवा जास्त यावी म्हणून एअर स्क्रू थोडा सैल केला. चौथ्या किकला गाडी बोलली.

गाव विचारलं तर म्हणाला, दुमका. झारखंड. तिथले मजूर दर उन्हाळ्यात सीमा सडक संघटनेच्या कामावर येतात आणि बर्फ पडायच्या आत परततात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांना लडाखला न्यायला दुमक्याहून खास रेल्वे सोडली होती, ते मी तेव्हा पेपरातच वाचलं होतं. पोराने मला विचारलं, "इतना दूर आने का कितना मिलता है?" म्हटलं, कुछ नहीं, अपने जेब से. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने त्यांच्या बोलीत बाकीच्यांना सांगितलं, तर फडक्यांआडून सगळे हसायला लागले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, सरचू, बारालाचा ला, टांडीचा पेट्रोल पंप, अटल बोगदा हे सगळं त्याच प्लगवर झालं. अजूनही तोच प्लग आहे.

हे सगळं मी आपल्या बातमीदाराला चहा पिता पिता सांगितलं होतं. त्याने वहीत लिहूनही घेतलं होतं, डांबराच्या पिंपाचं तर दोनदा विचारलं. मुलगा चांगला आहे, जागा कमी पडली असेल. पण मग तेवढ्याच जागेत 'एकट्याने' हा शब्द तीनदा कसा बसला, हे मला कळलेलं नाही. तो काढावा. 'नमवला' सुद्धा काढलात तर बरं, कारण टांगलांग लावर गुडघ्यावर मी होतो.

आणि माझं वय ६१ आहे, ६७ छापलंय. सौ. तेव्हापासून हसतेय. तिचं जाऊ दे, पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचंय आणि तिथले कारकून आपलाच पेपर वाचतात.

कळावे,
आपला एक जुना वाचक, कराड
(नाव एकदा छापून झालंच आहे, पुन्हा नको.)