जप्त शस्त्रं विकून पोलिसांची जॅकेटं घेऊ नका

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सादर नमस्कार.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पोलिसात हवालदार होते. नोकरीची शेवटची वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मुद्देमाल कारकून म्हणून गेली. पावसाळ्यात त्या खोलीच्या भिंतींना ओल यायची. घरातल्या जुन्या चादरी नेऊन ते गावठी कट्ट्यांची पाकिटं झाकून ठेवायचे, कारण लाखेचं सील सुटलं की कोर्टात आरोपीचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारणार हे त्यांना माहीत होतं.

परवा पंचवटीत शांतता समितीच्या एका बैठकीत कुणीतरी सुचवलं, "जप्त शस्त्रं विका आणि त्या पैशांतून पोलिसांना साधनं द्या." टाळ्या पडल्या. ही सूचना आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी माझं म्हणणं ऐकावं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे पकडलं जातं ते काय? गावठी कट्टे बनवण्यासाठी बदनाम असलेल्या, मध्य प्रदेश सीमेवरच्या उमर्टी गावाचं नाव उत्तर महाराष्ट्रातल्या पोलिसांना नवं नाही. सातपुड्यापलीकडून चोपडा-शिरपूरच्या वाटेने येणारा कट्टा म्हणजे पाइपाचा तुकडा, स्प्रिंग आणि लाकडी मूठ. झाडणाऱ्याच्याच हातात फुटेल अशी वस्तू. त्यावर ना कारखान्याचं नाव, ना नंबर. हत्यार कायद्याच्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह नसलेलं अग्निशस्त्र विकताच येत नाही. म्हणजे ३/२५ च्या, विनापरवाना शस्त्र बाळगण्याच्या, गुन्ह्यांत जमा होणाऱ्या कट्ट्यांची किंमत भंगाराइतकी. विकण्याजोगी असतात ती शिक्षा झाल्यावर सरकारजमा झालेली परवान्याची रिव्हॉल्व्हरं आणि बाराबोरच्या बंदुका. त्याच विकू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हे चालतं. तिथे जप्त शस्त्रं लिलावात परवानाधारक विक्रेत्यांना विकतात आणि त्या पैशांतून पोलिसांची बुलेटप्रूफ जॅकेटंही येतात. एप्रिल २०२३ मध्ये लुईव्हिलच्या एका बँकेत पाच माणसं मारली गेली. ज्या रायफलीने ती मारली, तीही या कायद्याने लिलावात जाईल, हे त्या शहराच्या महापौरांना जाहीरपणे सांगावं लागलं. त्या पाच घरांतल्या माणसांनी ते कसं ऐकलं असेल? इथे नाशिकमध्ये कुणाच्या मुलाचा जीव घेतलेली बंदूक दुसऱ्याच्या कपाटात जावी आणि तिच्या पैशातून आलेलं जॅकेट हवालदाराने अंगावर चढवावं, हे मला सहन होत नाही. आपल्याकडेही कस्टमने पकडलेली परदेशी पिस्तुलं खासदारांना विकली गेली आहेत. तो रस्ता पुन्हा उघडू नका.

साधनांची गरज मात्र खरी आहे. तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर काठी घेऊन उभे होते, आणि कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी रिकाम्या हातांनी धरून ठेवली. पोलिसांच्या घरात ती रात्र कुणी विसरलेलं नाही. आता २०२७ चा सिंहस्थ आलाय. २७ ऑगस्ट २००३ ला याच शहरात, सिंहस्थातच, चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. बंदोबस्तावरच्या शिपायाला तेव्हा पिस्तुलाचा काय उपयोग होता? त्याला लागतो चालणारा वॉकीटॉकी, ऐन पावसात टिकणारा रेनकोट, रामकुंडावर लाइफ जॅकेट, दोर, चांगली बॅटरी.

पैसे कुठून आणायचे, तर मुद्देमालात पैसा आहे तो वाहनांत. अण्णांच्या ठाण्यामागे लिंबाखाली मोटारसायकली सडत होत्या, काहींच्या सीटमधून गवत उगवलं होतं. जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं पडू देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने तर मुदत घातली: १४ दिवसांत वर्णन आणि फोटो, त्यापुढे ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. हे पाळलं, तर वाहन गंजण्याआधी लिलावात जाईल. ती रक्कम तिजोरीत जमा होतेच. तेवढीच तरतूद अर्थसंकल्पात शिपाई-हवालदारांच्या साधनांसाठी वेगळं लेखाशीर्ष करून करा. वाटप मात्र गरजेप्रमाणे असू द्या, कोणत्या ठाण्याने किती माल पकडला यावरून नको. नाहीतर उद्या जप्ती गुन्ह्यासाठी होते की निधीसाठी, असा संशय येईल आणि लोकांचा राहिलासाहिला विश्वासही जाईल.

निकाल लागलेले, अपिलाची मुदत संपलेले कट्टे वितळवा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या आहेत. पंचांसमोर, पत्रकारांसमोर, दर सहा महिन्यांनी. न्यायालयाच्या हुकमाने कट्टा नष्ट झाला की अण्णा मुद्देमाल नोंदवहीतली ती ओळ लाल शाईने काटायचे आणि त्या दिवशी घरी येऊन आईला आवर्जून सांगायचे, "आज एक कमी झाला."

आपली नम्र,
एका निवृत्त हवालदाराची मुलगी,
नाशिक रोड