अनामत परत मिळेल का, हे बोटीवरच विचारा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत हल्ली क्रूझविषयी पुष्कळ छापून येतं. बोटीवरचे तलाव, नाट्यगृह, कुठल्या बंदरात काय पाहावं, सगळं असतं. बोटीवरच पुढची सफर विकणाऱ्या एका टेबलाबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. त्या टेबलापाशी आम्ही दोघं जेमतेम २५ मिनिटं बसलो आणि त्याचा हिशेब निस्तरायला मला सात महिने लागले.

आधी माझ्याबद्दल एक सांगते, कारण त्याचीच मला जास्त लाज वाटते. मी ३१ वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढली. "हे कुठं लिहिलंय?" असं भांडत येणाऱ्या माणसापुढे पॉलिसीचं पान उलटायचं आणि त्या ओळीवर बोट ठेवायचं, हेच माझं काम. अशी बोट ठेवणारी बाई बोटीवर गेली आणि काही न वाचता सही करून आली. मला कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. सगळं लिहिलेलं होतंच.

आमची सफर सात रात्रींची होती. तिसऱ्या दिवशी बंदर नव्हतं, दिवसभर नुसतं पाणी. सकाळी केबिनच्या दाराला एक चिठ्ठी अडकवलेली मिळाली: पुढची सफर आजच ठरवा, बोटीवर असेपर्यंतच खास सवलत. हे म्हणाले, नुसतं ऐकून तर येऊ. टेबलामागचा तरुण अतिशय गोड बोलणारा. अनामत नेहमीच्या निम्मी, शिवाय पुढच्या सफरीत खर्चायला ऑनबोर्ड क्रेडिट, आणि केबिन आत्ताच निवडायची सोय. आम्ही चक्क आठव्या डेकवर जाऊन हव्या त्या केबिनच्या दारासमोर उभं राहून आलो. वर नाट्यगृह नाही, खाली नाचाची जागा नाही, लिफ्ट जवळ पण आवाज येणार नाही इतकी दूर. घरी बसून नकाशा बघून हे कळत नाही, एवढं श्रेय त्या पद्धतीला दिलंच पाहिजे.

सही कागदावर नव्हतीच. त्यानं टॅब्लेट पुढे केला, ह्यांनी बोटानं रेघोट्या मारल्या, आणि "सविस्तर अटी ईमेलवर येतील" असं सांगून त्यानं आम्हाला एक पेन भेट दिलं. ईमेल आला, पण मोबाईलला नेटवर्क मिळालं तेव्हा, म्हणजे पाच दिवसांनी, सामान ओढत बोटीवरून उतरताना. बोटीवरचं इंटरनेट वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. ते आम्ही घेतलं नव्हतं. त्यामुळे तीच सफर तीच कंपनी बाहेर काय भावानं विकते आहे, हे बघायचीही सोय नव्हती.

दोन महिन्यांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली. नेमका तोच आठवडा. तारीख बदलू, त्यात काय, म्हणून मी कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर: "तुमचं बुकिंग एजंटाच्या नावावर आहे, त्यांच्याशीच बोला." मी एजंटाकडून काही घेतलंच नव्हतं! मग उलगडा झाला. चालू सफर आम्ही ज्या एजंटाकडून घेतली होती, त्याच्याच नावावर बोटीवरचं नवं बुकिंगही आपोआप चढलं होतं. एजंट म्हणाला, "बुकिंग तुम्ही केलंत, तिथं काय ठरलं ते मला कसं ठाऊक?" दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं, आणि मधे मी.

पुढे जे कळलं ते असं. आमची अनामत परत न मिळणाऱ्या प्रकारची होती. तारीख बदलायची तर माणशी दंड, म्हणजे आमच्या बाबतीत दोनदा. नव्या तारखेला भाडं त्या दिवशी चालू असलेलं. आणि ज्या ऑनबोर्ड क्रेडिटच्या मोहानं हे सही करायला बसले, ते त्या जुन्या तारखेच्या बुकिंगला बांधलेलं होतं. तारीख हलली, क्रेडिट गेलं. दंड आणि गेलेलं क्रेडिट धरलं तर बोटीवरची सवलत वजा होऊन वर आमच्याच खिशाला चाट बसली.

सात महिन्यांच्या पत्रव्यवहारात माझा चांगलाच अभ्यास झाला. वाचकांना त्यातलं उपयोगी पडेल ते सांगते.

बोटीवरच्या टेबलापाशी साधारण दोन वेगळ्या गोष्टी विकतात आणि त्या एकाच दमात सांगतात, म्हणून घोळ होतो. एक म्हणजे ठरलेली सफर: जहाज, तारीख, केबिन सगळं पक्कं. दुसरी म्हणजे नुसती अनामत: आज थोडे पैसे ठेवा, सफर नंतर निवडा. ही दुसरी अनामत काही कंपन्या मागाल तेव्हा परत करतात, काहींची ठरावीक मुदतीत वापरली नाही तर बुडते. पहिल्या प्रकारातही परत मिळणारी आणि न मिळणारी असे दोन दर असतात. न मिळणारा दर स्वस्त, म्हणून पडद्यावर आधी तोच दिसतो. आम्हाला "अनामत निम्मी" हे तीनदा ऐकवलं. ती परत मिळणार नाही, हे एकदाही नाही. आम्हीही विचारलं नाही. दावे विभागात असं कुणी सांगितलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मला पाठ आहे.

आणखी एका शब्दानं माझा महिना खाल्ला. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे जगभरच्या क्रूझ थांबल्या, तेव्हा रद्द सफरींच्या बदल्यात कंपन्यांनी प्रवाशांना फ्युचर क्रूझ क्रेडिट दिलं. बोटीवर भरतात ते फ्युचर क्रूझ डिपॉझिट. पहिलं म्हणजे भरपाई, दुसरं म्हणजे तुमची स्वतःची ठेव. नियम वेगळे, मुदती वेगळ्या, पण फोनवरची मुलं दोन्हीला सरसकट "तुमचं क्रेडिट" म्हणतात. तिसरं ऑनबोर्ड क्रेडिट, ते तर फक्त त्या सफरीत बोटीवर खर्चायचं, आणि बहुतेक वेळा उरलेलं हातात मिळत नाही. तिन्ही नावं मी वहीत तीन रंगांत लिहून ठेवली तेव्हा कुठं पत्रव्यवहार पुढे सरकला.

एजंटाचंही तसंच. बोटीवरचं बुकिंग आपल्या पसंतीच्या एजंटाकडे हलवता येतं, पण त्याला ठरावीक दिवसांची मुदत असते आणि ती कंपनीगणिक बदलते. मुदत टळली की ज्याच्या नावावर चढलं, त्याच्याच दारात उभं राहायचं. त्यामुळे टॅब्लेटवर रेघोट्या मारण्याआधी "हे कुणाच्या नावावर जाणार?" एवढं विचारावं. उरलेली रक्कम कधी भरायची ती तारीखही तिथंच लिहून घ्यावी. पुष्कळ कंपन्यांत ती निघण्याच्या ७५ ते ९० दिवस आधीची असते, लांबच्या सफरींना त्याहून आधीची. परत मिळणाऱ्या अनामतीचा परतावाही सहसा त्याच तारखेपर्यंत.

आता कायद्याचं. "ग्राहक न्यायालयात जा" असं मला निदान पाच जणांनी सांगितलं. त्यांच्यासाठी एक जुना खटला सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं शूट नावाचं जोडपं लॉस एंजेलिसहून कार्निव्हल क्रूझ लाइन्सच्या बोटीवर चढलं. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ बाई घसरून पडल्या. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला. कंपनीनं तिकिटावरची बारीक अक्षरं दाखवली: वाद फक्त फ्लोरिडातल्या न्यायालयात. म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती अट वैध ठरवली. घसरून पडलेल्या माणसाची ही गत, तर बोटानं सही करणाऱ्यांनी काय आशा धरायची?

प्रवाशाला संरक्षण अगदीच नाही असं नव्हे. अमेरिकी बंदरांतून निघणाऱ्या सफरींसाठी तिथल्या सागरी वाहतुकीच्या सरकारी आयोगानं, म्हणजे फेडरल मेरिटाइम कमिशननं, २०२२ मध्ये नियम स्पष्ट केले. सफर रद्द झाली, किंवा निघायला ३ वा अधिक दिवस उशीर झाला आणि प्रवाशाला मग जायचं नसेल, तर पैसे परत. पण हे सफर कंपनीकडून रद्द झाली वा उशिरा निघाली तर. बेत प्रवाशाचा बदलला तर तो आणि त्याचा करार.

युरोपात दारावर येऊन विकणाऱ्यांच्या बाबतीत ग्राहकाला १४ दिवसांत मन बदलायचा हक्क आहे. त्यामागचा विचार मला फार पटतो. दुकानात माणूस स्वतःच्या पायानं जातो, विचार करून जातो. दारात विक्रेता उभा राहिला की तो गाफील असतो, भाव पडताळून बघू शकत नाही, आणि तोंडावर नाही म्हणणं जड जातं. मात्र हा हक्क सहलींच्या पॅकेजला आपोआप लागू होत नाही. २०१५ च्या पॅकेज प्रवासाच्या नियमावलीनं सदस्य देशांना दुकानाबाहेर झालेल्या अशा करारांसाठी १४ दिवस देण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. मला हे अजब वाटतं. दारातल्या विक्रेत्याला निदान दार लावून घालवता येतं. भर समुद्रात, सुट्टीच्या सैल मनानं, इंटरनेटशिवाय, "उतरलात की सवलत संपली" असं ऐकत बसलेल्या माणसाहून अधिक गाफील ग्राहक कोण असणार?

कंपन्यांची बाजूही मी मनाशी मांडून पाहिली. बोटीवर दिलेला दर म्हणजे रिकाम्या केबिनचा धोका लवकर कमी करण्याची किंमत. ती केबिन कित्येक महिने अडवून ठेवायची आणि शेवटी सोडून द्यायची मुभा प्रत्येकाला दिली, तर सवलत परवडणार कशी? मान्य. विम्यातही असंच असतं. पण विम्यात पॉलिसीची प्रत हातात पडल्यावर ती परत करायला मुदत असते, आणि त्यापायी एकही विमा कंपनी बुडालेली माझ्या पाहण्यात नाही. क्रूझवाल्यांनी बोट किनाऱ्याला लागल्यापासून सात दिवस दिले तरी पुरे. माणूस घरी येतो, दिनदर्शिका बघतो, मुलांना फोन करतो, भाव पडताळतो. एवढ्यानं ज्याचं मन बदलेल, तो गिऱ्हाईक तसाही पक्का नव्हता.

आणि सहीआधी एक छापील पान द्या. टॅब्लेट नको, कागद. त्यावर मोठ्या अक्षरांत अनामत परत मिळणार की नाही, तारीख बदलली तर माणशी किती, क्रेडिट नव्या तारखेला टिकणार का, बुकिंग कुणाच्या नावावर. चारच ओळी. त्या तरुणाचा दोष मी धरत नाही. असं पान समोर असतं तर त्याचंही काम सोपं झालं असतं. त्याला बुकिंग हवं होतं, आम्हाला समुद्राकडची बाल्कनी हवी होती, आणि दोघांनाही दुपारच्या जेवणाची घाई होती.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी क्रूझच्या दरांचा तक्ता छापाल, तेव्हा या चार ओळींसाठी एक रकाना वाढवावा ही विनंती. दर पुढच्या आठवड्यात बदलतात, अनामतीच्या अटी त्यामानानं टिकून राहतात.

दंड भरून आम्ही तारीख बदलून घेतली आहे. केबिन तीच, आठव्या डेकवरची. तिसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी येईलच. टेबलापाशी मी एकटीच जाणार आहे, चष्मा लावून. ह्यांनी केबिनमध्येच थांबायचं आणि बाल्कनीतून समुद्र बघायचा, असं ठरलं आहे.

कळावे.

आपली,
दावे विभागातून निवृत्त झालेली एक वाचक