मानेवाड्याजवळच्या दवाखान्यातल्या त्या चौघांना

तुमची नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून इथेच मनापासून आभार मानते.

आईला 11 वर्षांपासून टाइप टू मधुमेह. गोळ्या सुरूच होत्या, तरी एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, 9.6. डॉक्टरांनी आकड्याभोवती गोल काढून सांगितलं, "मावशी, हा एका सकाळचा आकडा नाही, मागच्या 3 महिन्यांचा हिशोब आहे." तपासणीच्या आदल्या दिवशी भात सोडून उपयोग नाही, हे आईला तेव्हा कळलं. मलाही.

मधुमेहानं पायांची जाणीव कमी झालीय का ते बघायला सिस्टरताईंनी तिला डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवला. डाव्या अंगठ्याखाली तिला काहीच जाणवलं नाही. आणि हीच बाई नागपूरच्या मे महिन्यात अनवाणी गच्चीवर वाळवणं घालायची! नुसत्या विचारानंही माझ्या पोटात गोळा येतो. आता ती चप्पल घातल्याशिवाय वर जात नाही.

आहाराच्या ताईंनी तर्री-पोहे बंद करायला लावले नाहीत. पोहे कमी, चणे जास्त, अन् संत्र्याचा रस न काढता फोडी खायच्या, एवढंच. औषधं देणाऱ्या दादांनी तर आईकडून पाठच करून घेतलं: रक्तातली साखर 70 च्या खाली गेली तर 3 चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची.

चौघांचंही सांगणं एकच होतं, म्हणून आईचा विश्वास बसला.

काल रिपोर्ट आला, एचबीएवनसी 7.4. आईनं तुमच्यासाठी पिशवीभर संत्री बाजूला काढून ठेवली आहेत.