निधी न्यायला गावात येता, द्यायलाही या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ डिसेंबर जवळ आला की सैनिकांसाठीच्या ध्वजदिन निधीचा इष्टांक जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून गावातल्या शाळेपर्यंत बरोबर पोहोचतो. नोकरीत असताना मीही वर्गावर्गातून ही वर्गणी गोळा केली आहे. १९४९पासून हे चालू आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पैसा उलट्या वाटेने गावात येत नाही याची.

आमच्या गावात १९७१च्या लढाईतले एक फौजी आबा आहेत. तोफगोळ्याच्या कपचीने उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. पण वैद्यकीय मंडळाने अपंगत्व वीस टक्क्यांच्या आत धरलं, म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाही. घरच्या अडचणीने पंधरा वर्षं भरण्याआधीच परतले, म्हणून नोकरीची पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेला हा माणूस आज दुसऱ्याच्या कपाशीची राखण करतो.

अशांसाठीच केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीतल्यांसाठीची दरमहा मदत, आहे. पेन्शन नसलेल्या, पासष्ट वर्षांवरच्या, हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांना ती मिळते. त्यांच्या विधवांनाही मिळते. महिन्याला ४,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना ८,००० झाले. पैसा येतो त्याच ध्वजदिन निधीतून. आबांना हे कोणी सांगितलंच नव्हतं!

बरं, सांगितल्यावर तरी काय? अर्ज ऑनलाइन. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याची नोंदवही, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत जपून ठेवलेलं, पण कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यात आडनाव एक, आधारवर दुसरं. सेतू केंद्रात बोटांचे ठसे उमटेनात. एका कार्यालयातून उत्तर मिळालं, "आधी आधार दुरुस्त करून आणा." फौजींच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं तर मजकूर काय, इथून सुरुवात. "जाऊ द्या मास्तर, आते काय ऱ्हायनं?" म्हणून आबा पिशवी गुंडाळून मोकळे झाले. मी काही मोकळा झालो नाही, म्हणून हे पत्र.

ग्रामसेवक आणि तलाठ्यांना गावातला प्रत्येक माजी सैनिक ठाऊक असतो. निधी गोळा करताना त्यांनीच पेन्शन नसलेल्यांची आणि विधवांची नावं लिहून घ्यावीत. सैनिक कल्याण कार्यालयाने पारोळा, भडगाव, चोपडा अशा तालुक्यांत पंचायत समितीत दिवस ठरवून बसावं, नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र तिथेच करून घ्यावं आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार स्वतः करावा. ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांना दुसरा मार्ग द्यावा. लढाईत गेलेली बोटं ते आता आणणार कुठून? आणि दरवर्षी निधी संकलनात पहिल्या आलेल्या तालुक्याचा सत्कार होतो, तेव्हा त्या तालुक्यातल्या किती जणांना ही ग्रँट चालू झाली, हा आकडाही त्याच व्यासपीठावर वाचून दाखवावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. पारोळा, जि. जळगाव